मलिक अंबरचे दोन चेहरे

एकाच माणसाची दोन चित्रे आहेत. दोन्ही मोगल बादशहा जहांगीरच्या चित्रकारांनी काढलेली, दोन्ही साधारण एकाच काळातली. एक आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे आणि दुसरे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. माणूस आपल्या ओळखीचा आहे. मलिक अंबर, निजामशाहीचा पेशवा, खडकी वसवणारा. पण दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर हा एकच माणूस आहे यावर चटकन विश्वास बसत नाही.

डब्लिनचे चित्र अबुल हसनचे, १६१६ च्या आसपासचे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. बादशहाच्या हातात ताणलेले धनुष्य आहे. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे कापलेले मुंडके रोवलेले आहे, त्यावर घुबड बसले आहे आणि बाण त्या मुंडक्यात घुसतो आहे. बाजूला न्यायाचा तराजू आहे, वर आकाशात पंख असलेली मुले आहेत. चित्रावर फारसीत मजकूर आहे आणि त्यात अंबरच्या काळ्या रंगाची सांगड रात्रीशी घातली आहे. यातले काहीही घडलेले नव्हते. अंबर तेव्हा जिवंत होता, आणखी दहा वर्षे जगला आणि १६२६ साली म्हातारा होऊन मेला. त्याचे डोके जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही.

लंडनचे चित्र हाशिमचे. त्यात पृथ्वी नाही, घुबड नाही, फरिश्ते नाहीत. एक वयस्क माणूस एका बाजूने दिसतो आहे. भरलेले शरीर, पांढरा जामा, डोक्याला पगडी, सोबत तलवार आणि गडद, जड, कामात मुरलेला चेहरा. एवढेच.

मला या दोन चित्रांनी पुष्कळ दिवस पछाडले आहे. रंगवलेल्या चेहऱ्यातून माणसाचा स्वभाव कळतो असे आपण सहज म्हणतो. मग एकाच दरबाराला या एका माणसाचे इतके वेगळे दोन स्वभाव कसे दिसले?

चित्रांकडे वळण्याआधी थोडे शब्दांबद्दल. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे ही खोड माफ असावी. चित्र चांगले उतरले की मराठी माणूस म्हणतो, ‘हुबेहूब’. हा शब्द मूळचा ‘हू-ब-हू’. ‘हू’ म्हणजे अरबीत ‘तो’. तो म्हणजे तोच, कसलाही फरक नाही. पण खुद्द मोगल चित्रशाळेत व्यक्तिचित्राला शब्द होता ‘शबीह’. याच्याच मुळातून ‘मुशाबहत’ आला आणि उर्दू व्याकरणातला ‘तश्बीह’ही आला, ज्याला आपण मराठीच्या तासाला उपमा म्हणतो. उपमेत एक ‘सारखा’ दडलेला असतो. चंद्रासारखा चेहरा म्हटले की तो चेहरा चंद्र नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणजे मराठी शब्द सांगतो ‘तोच’ आणि उर्दू शब्द सांगतो ‘त्याच्यासारखा’. मला दुसरा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

तिसरा शब्द ‘चेहरा’. अकबराच्या लष्करात शिपायाची नोंद करताना त्याचे वर्णन लिहून घेत आणि घोड्यावर डाग देत. हेतू असा की हजेरीच्या दिवशी मनसबदाराने भाड्याचे लोक आणि उसने घोडे उभे करू नयेत. शिपायाच्या त्या वर्णनाच्या नोंदीला ‘चेहरा’ म्हणत. आपली मराठी ‘चेहरेपट्टी’ याच कुळातली. रंग गोरा की सावळा, नाक कसे, कपाळावर व्रण आहे का, असली ती यादी. अशा यादीवरून माणूस ओळखता येतो, कळत मात्र नाही. व्यक्तिचित्राचे काम या यादीच्या पुढे सुरू होते.

इथे आमच्या घरातला जुना प्रश्न येतोच, तो टाळत नाही. आमच्याकडे भिंतीवर माणसाची तसबीर नसायची. आजही कित्येक घरांत नसते आणि त्यामागची भावना मी समजू शकते. मसला आलिमांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण इतिहास म्हणून एवढे नोंदवते की हा प्रश्न अकबराच्या दरबारातही होता. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाचे म्हणणे दिले आहे. त्याचा आशय असा, की चित्रकार एकेक अवयव रेखाटतो, पण त्यात जीव घालू शकत नाही आणि त्यामुळेच त्याला जीव देणाऱ्याची आठवण होते. युक्तिवाद पटो न पटो, चित्रकाराच्या मर्यादेवर त्यात बोट ठेवलेले आहे. याच अकबराने स्वतः बसून आपली शबीह काढून घेतली आणि दरबारातल्या सगळ्या अमीर-उमरावांच्या शबीहा काढायला लावल्या. त्यांचा मोठा मुरक्का, म्हणजे संग्रह, तयार झाला.

त्याआधीच्या इराणी परंपरेच्या चित्रांत राजा ओळखायचा तो मुकुटावरून, आसनावरून आणि कुठे बसला आहे त्यावरून. चेहरे बहुतेक एकाच साच्याचे. गोल, नितळ, बदामी डोळ्यांचे. लढाईत मान कापतानाही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. अकबराच्या काळात चेहऱ्याचे काम वेगळे मोजले जाऊ लागले. त्या वेळच्या सचित्र हस्तलिखितांच्या समासांत कारकुनांनी बारीक अक्षरांत नोंदी केल्या आहेत. आराखडा अमक्याचा, रंगकाम तमक्याचे आणि कुठे कुठे चेहऱ्यांचे काम तिसऱ्याच माणसाचे. त्याला ‘चेहरा-नामी’ म्हणत. ज्याचा हात चेहऱ्यावर बसला होता त्याला बोलवून घेत. जहांगीर तर आपल्या आठवणींत फुशारकी मारतो की एकाच चेहऱ्यातले डोळे आणि भुवया दुसऱ्या कुणी काढल्या असतील, तर मूळ चेहरा कुणाचा आणि डोळे कुणाचे हे तो सांगू शकतो. थोडी अतिशयोक्ती धरली तरी ज्या दरबाराचा धनी असे बोलतो, तिथल्या चित्रकाराला भुवईदेखील बेफिकिरीने काढणे परवडणारे नव्हते.

आणि ही माणसे काढत होती मुख्यतः एका बाजूने. जहांगीरच्या काळात एकचश्मी चेहरा हीच रीत झाली. यात एक अडचण आहे. जो माणूस आपल्याकडे बघतच नाही, त्याच्या मनात काय आहे ते कळायचे कसे? युरोपातल्या चित्रांत डोळे आपल्याकडे रोखलेले असतात आणि निम्मे काम तेच करतात. इथे ती सोय नाही. म्हणून मोगल चित्रकाराने भाव इतर ठिकाणी ठेवला. डोळ्याखालच्या कातडीत, ओठाच्या कोपऱ्यात, हनुवटीखाली सुटलेल्या मांसात, मानेच्या कोनात, हात कुठे टेकला आहे त्यात. चेहऱ्याची रेघ खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने काढायची, पातळ रंगाचे थर द्यायचे, कागद उलटा करून मागून अकीकच्या दगडाने घोटायचा, पुन्हा थर द्यायचा. हे काम आठवडेच्या आठवडे चाले. इतका वेळ एका चेहऱ्यासोबत घालवल्यावर चित्रकाराचे त्या माणसाबद्दल काही मत होत नसेल हे मला शक्य वाटत नाही.

या पद्धतीची कमाल पाहायची तर इनायत खानाचे चित्र पाहावे. ऑक्टोबर १६१८ मध्ये हा दरबारी अफू आणि दारूने पार खंगला होता. त्याने आग्र्याला जाण्याची परवानगी मागितली. त्याला पालखीतून बादशहासमोर आणले तेव्हा जहांगीर हबकला. हाडांवर नुसते कातडे उरले होते. त्याने चित्रकारांना त्याची शबीह घ्यायला सांगितले, खर्चासाठी दोन हजार रुपये दिले आणि जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी इनायत खान मेला. त्या प्रसंगाचे रेखाटन बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगवलेले चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मरणाऱ्या माणसाला मॉडेल म्हणून बसवणे मला आजही क्रूर वाटते. पण चित्र क्रूर नाही. माणसाच्या फासळ्या मोजता येतात आणि त्याच्याभोवतीचे लोड मात्र टम्म फुगलेले आहेत. अंथरुणावरचे लोड माणसापेक्षा जास्त जिवंत दिसावेत, एवढ्या एका गोष्टीत त्याची सगळी अवस्था आली आहे. तोंड किंचित वळवून तो समोर बघतो आहे. दया मागत नाही.

म्हणजे हा दरबार डोळे उघडे ठेवून बघणारा होता. शाह अब्बासकडे वकिलात पाठवली तेव्हा जहांगीरने बिशनदासला सोबत दिले, कारण शबीह काढण्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. इराणच्या शाहचा चेहरा घरबसल्या वाचता यावा म्हणून. चित्र आले तेव्हा शाहला पाहिलेल्या लोकांना दाखवून ते बरोबर उतरले आहे का, याची खात्री करून घेतली. बिशनदासला बक्षीस म्हणून हत्ती मिळाला. इथे शबीह ही शोभेची वस्तू उरत नाही, ती खबर होते. आणि खबर खोटी असून चालत नाही.

आता पुन्हा अंबरकडे. तो हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, लहानपणीच विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि ‘अंबर’ नाव दिले. पुढे अहमदनगरचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. हा चंगेज खान स्वतः हबशीच होता. तिथून गुलाम, शिपाई, स्वार, सरदार आणि शेवटी राज्याचा कर्ता. खडकीला त्याने बांधलेली नहर, जमीन महसुलाची व्यवस्था, मोगलांना डोंगरात दमवणारी मराठी घोडेस्वारांची लढाई हे सगळे आपल्या वाचकांना माहीत आहे. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत मोगलांनी त्याला हरवले आणि खडकी जाळली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या असताना त्यांना धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

जहांगीरने आपल्या आठवणींत अंबरचे नाव बहुधा शिवीसकट घेतले आहे. काळ्या रंगावरून, काळ्या नशिबावरून. डब्लिनचे चित्र याच भाषेत रंगवलेले आहे. त्यात स्वभाव दिसतो, मनाची अवस्थाही दिसते, पण ती भाल्यावरच्या माणसाची नाही. ती धनुष्य धरणाऱ्याची आहे. सगळी पृथ्वी पायाखाली असलेल्या बादशहाला एका गुलामाने वीस वर्षे झोपू दिले नाही, हे त्या चित्राइतके स्पष्ट कुठल्याच बखरीत लिहिलेले नाही. आणि अबुल हसनची एक गोष्ट मला लक्षात ठेवावीशी वाटते. आजूबाजूला एवढा द्वेषाचा देखावा असूनही त्याने अंबरचा चेहरा राक्षसाचा केला नाही. मुंडके माणसाचेच आहे.

हाशिमला मात्र कुणाचा राग काढायचा नव्हता. दख्खनी माणसांच्या शबीहा ही त्याची खासियत. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाचे चित्र त्याने काढले आणि दख्खनच्या मोहिमेत वर्षे घालवलेल्या अब्दुर्रहीम खान-ए-खानानचेही. माझा अंदाज असा की बादशहाला शत्रूवर बाण सोडायचा होता तसा शत्रू समजूनही घ्यायचा होता. पहिल्या कामासाठी एक चित्र झाले, दुसऱ्यासाठी दुसरे. हाशिमच्या चित्रात अंबर मोठा दिसावा म्हणून काही केलेले नाही. उलट पोट आहे, वय आहे, बेतास बात कपडे आहेत. तरी त्याच्यापुढे आवाज चढवायची इच्छा होणार नाही. शरीराचे वजन दोन्ही पायांवर सारखे आहे. हा माणूस घाईत नाही आणि खूश करायला कुणी समोर नाही.

चित्रकाराने हे मनाचे घातले असेल असे म्हणायला जागा राहू नये म्हणून एक साक्षीदार आहे. पीटर व्हॅन डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७ साली अंबरला प्रत्यक्ष भेटला. त्याने लिहून ठेवले आहे की माणूस उंच, धिप्पाड, चेहरा जुन्या रोमनांसारखा कठोर, डोळे पांढरट आणि काचेसारखे, आणि ते त्याला शोभत नाहीत. लोक त्याला मानतात आणि त्याचा कारभार चोख आहे, असेही तो सांगतो. परक्या व्यापाऱ्याला अंबरची स्तुती करून काही मिळणार नव्हते, आणि डोळ्यांबद्दलचा शेरा तर स्तुतीचा नाहीच. अंबर मेल्यावर मोगलांच्याच इतिहासकाराने, मुतमद खानाने, ‘इक्बालनामा-ए-जहांगिरी’त कबूल केले की लढाईत, हुकमतीत आणि कारभारात त्याच्या जोडीचा दुसरा नव्हता. दरबाराच्या लेखणीला हे लिहायला अंबरच्या मरणाची वाट पाहावी लागली. हाशिमच्या कुंचल्याने ते त्याच्या हयातीतच लिहिले होते.

नववीच्या मुलांना मी एकदा ही दोन्ही चित्रे नाव न सांगता दाखवली. डब्लिनचे चित्र पाहून एक मुलगा म्हणाला, ‘टीचर, मेलेल्या माणसाला बाण कशाला मारतोय?’ लंडनच्या चित्राबद्दल एकाने सांगितले की ते कुणाचे तरी बोलणे ऐकून घेत आहेत आणि त्यांना ते पटलेले नाही. एका मुलीचे मत पडले की त्यांचे पाय दुखत असावेत. मला तिन्ही उत्तरे आवडली. नाव सांगितल्यावर मागच्या बाकावर थोडी खुसफुस झाली. कारण ‘हबशी’ हा शब्द आमच्या शाळेच्या मैदानावर रोज फेकला जातो. सावळ्या मुलाला, जास्त खाणाऱ्या मुलाला, कुणालाही. मराठीत तो शिवी आहे, दखनीतही आहे, आणि आपल्या लग्नांच्या बोलण्यांत मुलीच्या रंगावर जे बोलले जाते ते मी इथे लिहीत नाही. बिलालचे नाव आदराने घ्यायचे आणि पोरीला उटणे लावत बसायचे, हे आपल्याकडे एकाच घरात चालते. त्या तासाला मी भाषण दिले नाही. चित्र फळ्यावर तासभर तसेच लावून ठेवले.

तरीही एक सावधगिरी बाळगायला हवी. चेहऱ्यात स्वभाव दिसतो असे आपल्याला वाटते तेव्हा पुष्कळदा आपण आधीच माहीत असलेले त्यात वाचत असतो. महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण आहे. एके काळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र चालत होते ते इब्राहिम खान नावाच्या एका दुसऱ्याच माणसाचे निघाले. वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांतून महाराजांचे खरे चित्र शोधून पुढे आणले. मधल्या काळात त्या चुकीच्या चित्रातही लोकांना महाराजांचे तेज दिसतच होते. म्हणून मी हाशिमच्या चित्रावर एकट्यावर विसंबत नाही, व्यापाऱ्याची आणि इतिहासकाराची साक्ष काढते.

आणि चेहऱ्याची ताकद किती, हे चित्र काढणाऱ्यापेक्षा कधी कधी पुसणाऱ्याला जास्त कळलेले असते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचे हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने फारसी पद्यात हुसेन निजामशहाची थोरवी त्यात गायली आहे. तालिकोटच्या विजयानंतर लगेचचे, अहमदनगरचे काम. त्यात राजाशेजारी राणी खुंजा हुमायून रंगवलेली होती. हीच चांदबिबीची आई. हुसेनशहाच्या मृत्यूनंतर मुलगा मुर्तजा याच्या नावाने तिने राज्य चालवले, मग तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकण्यात आले. त्यानंतर कुणीतरी ते हस्तलिखित उघडले आणि बहुतेक चित्रांतून राणी तेवढी पुसून टाकली. राजा आहे, सेवक आहेत, आसन आहे आणि राजाच्या शेजारी रंगाचा एक डाग आहे. तिचे राज्य गेलेच होते. तरी तिचा चेहरा पानावर राहू देणे कुणाला तरी सोसवले नाही.

तो डाग वाळून फार वर्षे झाली नसतील, तेव्हा चंगेज खानाच्या घरचा एक तरुण हबशी गुलाम त्याच अहमदनगरात राहायला आला.